एका घासाने काय होतंय?

मंडळी, आज जरा भांडायचे आहे. ज्यांच्याशी भांडायचे आहे त्यांतले निम्मे माझे नातेवाईकच आहेत आणि ते हे वाचणार, हे मला ठाऊक आहे. घरी बोलावून चहा पाजून भांडण्यापेक्षा लिहिलेले बरे. लिहिताना मध्येच कोणी बोलणे तोडत नाही.

विषय माझ्या सुनेचा. (तिला विचारूनच लिहिते आहे. "लिहा आई, मला तरी एकेकाला फोनवर सांगत बसावं लागणार नाही," म्हणाली.) येत्या बुधवारी तिची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आहे. त्याआधी १४ दिवस फक्त द्रव आहार. आज शनिवार, अकरावा दिवस. या अकरा दिवसांत आमच्या इंद्रायणीनगरच्या घरी चार डबे आणि एक थर्मास आला. एका डब्यात बेसनाचे लाडू, एकात साबुदाण्याची खिचडी, एकात पुरणपोळ्या, एकात शेवयांची खीर ("पातळच केलीय हं!") आणि थर्मासमध्ये उसाचा रस. प्रत्येक वस्तूबरोबर वाक्य मात्र एकच आले. "अगं घे, एका घासाने काय होतंय?"

काय होते ते सांगते. मलाही पंधरा दिवसांपूर्वी माहीत नव्हते. आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर चित्र काढून समजावले तेव्हा कळले.

आपल्या जठराच्या पुढे यकृताचा डावा भाग पसरलेला असतो. वजन फार वाढलेल्या माणसाच्या यकृतात चरबी साठते, ते सुजते, जड होते आणि जरा धक्का लागला तर त्यातून रक्त यायची भीती असते. ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने, पोटाला लहान लहान छिद्रे पाडून करतात. जठरापर्यंत पोचायचे तर आधी ते यकृत उचलून बाजूला धरावे लागते. ते फार मोठे असले तर डॉक्टरांना मागचे दिसत नाही. मग काम अवघड होते, वेळ वाढतो, क्वचित पोट उघडावे लागते किंवा शस्त्रक्रिया तिथेच थांबवावी लागते. म्हणून हे दोन आठवडे. भात, पोळी, साखर बंद केली की शरीर आधी यकृतातला साखरेचा साठा वापरते. त्या साठ्याने आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवलेले असते, तेही जाते. पाठोपाठ थोडी चरबीही उतरते. भरलेली कणगी रिकामी व्हावी तसे यकृत आकसते. रिकाम्या होत आलेल्या कणगीत आपण प्रेमाने पुन्हा शेरभर धान्य ओतायचे आणि म्हणायचे, काय होतंय?

एका घासाने आभाळ कोसळत नाही, हे मलाही कळते. पण घास एक नसतोच ना. तुमचा एक, जाऊबाईंचा एक, शेजारच्या वहिनींचा एक. पाच घरांचे पाच घास झाले की त्यालाच जेवण म्हणतात.

आता खिचडीविषयी, कारण तो डबा आणणाऱ्या बाईंचा सर्वांत जास्त राग आला आणि त्यांचा हेतू सर्वांत चांगला होता. "उपवासाचंच आहे," असे त्या म्हणाल्या. आपल्याकडे घोटाळा इथेच आहे. आळंदी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे एकादशी आमच्या अंगवळणी पडलेली. आणि एकादशी म्हणजे काय, तर साबुदाणा, बटाटा, भगर, रताळे, वर दाण्याचे कूट आणि साजूक तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्याच पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे. साबुदाणा हा कंदाचा निव्वळ स्टार्च. म्हणजे सुनेला जे वर्ज्य आहे नेमके तेच आपण 'फराळ' म्हणून पुढे करतो. तिच्या आहारात स्टार्च जवळजवळ नाही आणि प्रथिने मात्र मोजून, दिवसाला ६०-७० ग्रॅम, म्हणजे चरबी उतरताना स्नायू झिजू नयेत. पाण्यात कालवलेली प्रथिनांची पावडर, साय काढलेले दूध, पातळ ताक, गाळलेले भाजीचे सूप, आणि घोट घोट करून दोन-अडीच लिटर पाणी. (प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता वेगळा असतो. हा वाचून कोणी घरी प्रयोग करू नका. सुनेला मधुमेह आहे, तिच्या गोळ्याही डॉक्टरांनी आधी कमी केल्या, नाहीतर साखर एकदम खाली जाते.)

आणि उसाचा रस! "द्रवच आहे की." वर्गात आम्ही शिकवायचो, द्रवाला स्वतःचा आकार नसतो, तो भांड्याचा आकार घेतो. तेवढ्यावर परीक्षेत मार्क मिळत. इथे नाही मिळत.

पण आता माझेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई दुसऱ्यांना उपदेश करतात. तिसरा-चौथा दिवस फार वाईट गेला. डोके ठणकत होते, तोंडाला विचित्र गोडसर वास, छोट्या गोष्टीवर चिडचीड. चौथ्या दिवशी मी नेहमीच्या सवयीने गॅसवर वांगे भाजायला ठेवले. तो वास घरभर गेला आणि ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. अडतीस वर्षांची, कंपनीत पंचवीस माणसांचे पगार सांभाळणारी बाई. मला राहवले नाही. मी मऊ भाताची पेज केली, फडक्यातून गाळली, चिमूटभर मीठ घातले आणि वाटी तिच्यापुढे नेली. म्हटले, पातळच आहे गं. तिने वाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आई, पातळ असणं हा मुद्दाच नाहीये. तुम्ही तरी असं करू नका." वाटी मी गॅलरीतल्या कुंडीत ओतली. त्या दिवसापासून घरात फोडणी ती फिरायला गेल्यावरच. ती सहल केंद्रापर्यंत चालत जाऊन येते, तोवर आम्ही तिघे जेवून, ताटे घासून, खिडक्या उघडून मोकळे होतो. पाचव्या दिवसानंतर भूकही पुष्कळ कमी झाली. ते म्हणे अपेक्षितच होते. कोणी आधी सांगितले असते तर ती पेज झाली नसती. असो.

आता 'सोपी वाट' म्हणणाऱ्यांकडे वळते. "जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घ्यायचं" असे एक वाक्य आमच्याच घरातल्या लग्नात, तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलले गेले. ताबा? दिवसातून दोनदाच जेवायचे, ते तिने केले. दर दोन तासांनी खायचे, तेही केले. जिम झाली, काढे झाले. वजन उतरले आणि दरवेळी व्याजासकट परत आले. शिवाय आपली शरीरेही वेगळी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या इंग्रज सहकाऱ्याबरोबरचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२ टक्के! काट्यावर सारखे दिसणारे आत सारखे नसते. मग नुसत्या डोळ्यांनी पाहून कोणाच्या ताब्याची परीक्षा कशी घेता?

आपली भोसरी पैलवानांची. इथल्या तालमीत वाढलेल्या मुलाने कुस्तीआधी गटात बसण्यासाठी वजन उतरवले तर त्याला कोणी सोपी वाट म्हणते? त्याच्यापुढे पेढ्याचा पुडा कोणी उघडत नाही. वस्ताद पहारा ठेवतात, आई डबे कुलपात टाकते. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली, तेव्हा आपण सगळे हळहळलो. १०० ग्रॅमची किंमत त्या दिवशी या गावातल्या पोराटोरांनाही कळली होती. माझ्या सुनेच्या बाबतीतच ती का कळू नये? तिलाही तारीख आहे, तिचेही मोजमाप होणार आहे.

आमच्या आत्याबाईंनी वेगळाच मुद्दा काढला. "ती इजिप्तची इमान मुंबईला आली होती, ती गेली की नाही?" हो, गेली, सप्टेंबर २०१७ मध्ये, अबुधाबीत. पण आत्याबाई, ती पंचवीस वर्षे घराबाहेर पडली नव्हती, पक्षाघात होऊन गेलेला, हृदय आणि मूत्रपिंडे थकलेली. आणि तिच्याच गोष्टीतले एक तुम्ही विसरलात. मार्च २०१७ मध्ये सैफी रुग्णालयात शस्त्रक्रिया होण्याआधी तिचे शंभराहून जास्त किलो उतरले होते असे डॉक्टरांनी सांगितले होते, त्यात बरेचसे अंगातले पाणी. सुरीच्या आधी तिलाही द्रव आहारच होता. धोका नाही असे मी म्हणत नाही. जठराचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग काढून टाकणार, पुढे जन्मभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा काही आठवडे वाटी-चमचा. मला रात्री झोप लागत नाही. पण रात्री तोंडाला मास्क लावून झोपणारी, जिना चढताना दोनदा थांबणारी सून मी सहा वर्षे पाहते आहे. तो धोका तुमच्या हिशेबात धरलेला नाही, एवढेच.

आणखी एक कुजबुज कानावर आली आहे, की सासू सुनेला उपाशी ठेवते. बारावीपर्यंत पोरांना मराठी शिकवले, त्यामुळे 'उपाशी' आणि 'पथ्यावर' यांतला फरक मला कळतो. ज्यांना कळत नसेल त्यांनी थेट मलाच विचारावे, घर माहीत आहेच.

भेटायला जरूर या. तिला माणसे हवी आहेत, गप्पा हव्या आहेत, खाण्याव्यतिरिक्त कशावरही. उद्या संध्याकाळी सहानंतर आम्ही घरीच आहोत. चार डबे आणि थर्मास घासून ओट्यावर ठेवले आहेत. डबा रिकामा परत करू नये हे मलाही माहीत आहे, पण या खेपेला रिकामेच मिळतील. न्यायला या, आणि येताना हात हलवत या.