दिवा जरूर बनवा, प्रवाळ मात्र उचलू नका

मंडळी, छोट्या रीफ टँकसाठी एलईडी दिवा हा विकांताचा झक्कास उद्योग आहे. तीन वॉटचे निळे (४५० नॅनोमीटरच्या आसपासचे) आणि थोडे पांढरे एलईडी, हीटसिंक, पीडब्ल्यूएम घेणारा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर. झालं! डिमर मात्र चैन नव्हे. प्रवाळाच्या पेशींतलं सूक्ष्म शेवाळ प्रकाशावर त्याचं पोट भरतं. प्रकाश एकदम वाढला की ते बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. म्हणून रोज थोडा थोडा वाढवायचा.

पण दिव्याखाली ठेवायचं काय? आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला जाताना खाडीचं गढूळ पाणी बघा. उजेडच खाली पोचत नाही, तिथे कुठलं रीफ! मालवणला प्रवाळ आहेत, पण तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय रीफ बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत आहेत. दुकानदार 'इम्पोर्टेड आहे' म्हणाला तरी कागद मागा.

माझं मत विचाराल तर त्याच दिव्याखाली हिरवं-लाल समुद्री शेवाळ वाढवा. सर्किट तेच, मजा तीच, आणि समुद्रातलं प्रवाळ समुद्रातच राहील.