किळस न करणारे हात

घरात कोणी आजारी पडले की आपण दवाखाना करतो, सलाईन लावतो, उसनवारी करून गोळ्या आणतो. परंतु अंथरूण घाण झाले की कर्ती माणसे बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. मग सून उठते, नाहीतर शाळकरी मुलगी. आमच्या मते शुश्रूषेची परीक्षा या अंथरुणापाशीच होते.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू आपल्याच मळमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नसे, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले आणि दोघांनी डोक्याकडून-पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. मळ, मूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस न वाटणे, हा चांगल्या शुश्रूषकाचा एक गुण म्हणून तेथे सांगितला आहे.

आता आपल्या नांदेडकडे पाहा. 2023 मध्ये सप्टेंबर संपता-संपता येथील शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बालके होती. त्यानंतर एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. पुढे त्यांच्यावर ॲट्रॉसिटी कायद्यान्वये गुन्हाही नोंदला गेला. संडास साफ करणे ही शिक्षा, अपमान, असेच तेथे धरले गेले. ते काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारले होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

संकटाच्या वेळी हात धावतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा लातूरकडे मदतीची रीघ लागली होती. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ मात्र एवढी गर्दी नसते.

अशी कित्येक म्हातारी माणसे मुद्दाम पाणी कमी पितात. वारंवार लघवीला न्यायला सुनेला सांगायचे कसे, ही लाज. मग लघवी गढूळ होते, जळजळते, ताप चढतो, आणि आपण म्हणतो, वय झाले! आजी पाणी का पीत नाही, हे कोणी विचारतच नाही. तेव्हा भांडे हाताशी ठेवा, आडोशाला जुने लुगडे बांधा, आणि तोंडातून ‘शी’ निघू देऊ नका.

दर दोन तासांनी कूस बदलावी. ढुंगण, माकडहाड, टाचा रोज पाहाव्यात. बोटाने दाबूनही लाली जात नसेल तर तेथे जखम होऊ घातली आहे असे समजून त्या अंगावर निजवू नये, आणि सिस्टरना लगेच दाखवावे. चादर ओली राहू देऊ नये.

आणि रात्रीची पाळी मुलाने घ्यावी. आई त्याचीही आहे. पहिले दोन दिवस तीच नको म्हणेल, तोंड फिरवील. तरी त्याने कोमट पाणी घेऊन बसावे.