कातडीला चिकटलेली नावे

हृदयाचे, यकृताचे दुखणे माणसाला चार दिवस झाकून ठेवता येते. कातडीचे तसे नाही. ते डॉक्टरच्या आधी शेजाऱ्याला दिसते आणि शेजारी त्याला नाव देऊन मोकळा होतो. म्हणूनच की काय, बाकीच्या विकारांच्या बाबतीत 'पोटात दुखतंय' नि 'छातीत भरलंय' एवढ्यावर भागवणारी आपली मराठी कातडीपाशी आली की एकदम श्रीमंत होते. गजकर्ण, खरूज, इसब, शिबे, वांग, चाई, चामखीळ, गळू, केसतूड, घामोळे, नागीण, कांजिण्या, गोवर. अंगावर पित्त उठले की येतात त्या गांधी वेगळ्या आणि पावसाळ्यात पायांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्या वेगळ्या. गिरगावातल्या किंवा लालबागच्या चाळीतल्या आजीला ही यादी तोंडपाठ असे.

या नावांना अडाणी म्हणून हसण्याची चाल आहे. ती बरोबर नाही. 'नागीण' हा शब्द घ्या. डॉक्टर त्याला 'हर्पिस झॉस्टर' म्हणतात. 'हर्पिस'चे मूळ ग्रीक भाषेतल्या सरपटण्यात आहे आणि 'झॉस्टर' म्हणजे कंबरपट्टा. म्हणजे तिकडच्या वैद्याला आणि इकडच्या आजीला सरपटणारे तेच काहीतरी दिसले होते. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, ही समजूत मात्र खोटी. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून बसतो आणि पुढे एखाद्या तंतूच्या वाटेने वर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून नागीण सहसा मध्यरेषेपाशी थांबते. गजकर्णाला इंग्रज 'रिंगवर्म' म्हणतो आणि डॉक्टर 'टिनिया'. दोन्ही नावांत किडा आहे, रोगात नाही. ती साधी बुरशी. त्यापेक्षा हत्तीच्या कानासारखी खरखरीत झालेली कातडी पाहणारी मराठी नजर अधिक प्रामाणिक म्हणायची.

काही नावांत भीती होती आणि भीतीपोटी आलेला आदरही होता. 'देवी' हे त्यातले सर्वांत मोठे नाव. माहीमला शीतलादेवीचे देऊळ आजही आहे. याच मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी लस. पुढे लस टोचणाऱ्यालाच लोक 'देवी डॉक्टर' म्हणू लागले. १९८० साली जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. पण बँकेत असताना पेन्शनरांच्या कागदांवर 'ओळखीची खूण' या रकान्यात 'चेहऱ्यावर देवीचे व्रण' असे लिहिलेले मी कितीदा तरी वाचले आहे. त्या शब्दांत कमीपणा नव्हता. रोग येऊन गेला, माणूस उरला, एवढीच ती नोंद होती.

सगळ्याच नावांचे नशीब असे नाही. दोन नावे अशी आहेत की ती कातडीवरून घसरून माणसावरच बसतात. एक 'महारोग', दुसरे 'कोड'.

या दोहोंचा गुंता फार जुना आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्या क्षुद्रांत दद्रू, पामा, विचर्चिका आहेत, म्हणजे आपले गजकर्ण, खरूज आणि इसब! 'कुष्ठ' हा तेव्हा एक मोठा पेटारा होता. कातडीचे बहुतेक विकार त्यात जात. पांढऱ्या डागांचे 'श्वित्र' त्याच अध्यायात शेवटी येते. युरोपातही असाच घोळ होता. तिकडे 'लेप्रा' म्हणजे खवले धरणारी कातडी. सोरायसिसलाही एकोणिसाव्या शतकापर्यंत तेच नाव लावत. पेटारा पुढे रिकामा होत गेला आणि 'कुष्ठ' हा शब्द एकाच रोगाला चिकटला. श्वित्राला मात्र 'श्वेतकुष्ठ' म्हणण्याची खोड राहिली. त्यात 'कोड' हा शब्दही 'कुष्ठ'वरूनच आलेला. हिंदीत 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग, मराठीत 'कोड' म्हणजे पांढरे डाग. दादर स्टेशनवर या दोन्ही भाषा एकाच डब्यात चढतात, तेव्हा एका अक्षराच्या फरकाने एखाद्या मुलीच्या आयुष्याचे काय होत असेल याचा विचार करून पाहावा.

वस्तुतः दोन्ही विकार अगदी वेगळे. कोडात कातडीला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात, बहुधा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे. डाग दुधासारखा पांढरा पडतो, पण तिथली संवेदना शाबूत असते. तो स्पर्शाने पसरत नाही. मासे खाऊन वर दूध प्याले की कोड फुटते, ही आमच्या कोकणी घरांतली ठाम समजूत. तिला आधार नाही. कुष्ठरोग हा जंतूंचा. नॉर्वेच्या हॅन्सनने तो जंतू १८७३ मध्ये दाखवला. त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे स्पर्श, उष्णता कळत नाही. बहुतेक माणसांत या जंतूला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. सहा किंवा बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि ते सुरू होताच संसर्गाची शक्यता झपाट्याने ओसरते.

पण शब्द औषधाइतक्या लवकर बदलत नाहीत. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आसरा उभारला. वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. (मराठी पोवाडे जमवून छापणारे ॲकवर्थ तेही हेच.) १८९८ मध्ये 'लेपर्स ॲक्ट' आला आणि कुष्ठरुग्णांना समाजापासून वेगळे काढण्याला कायद्याचा आधार मिळाला. रोग बरा करणारे औषध हाती आल्यावरही तो कायदा पुस्तकात राहिला. रद्द झाला २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होऊ शकत होते, ते कलम गेले २०१९ मध्ये. कायद्याला एवढा वेळ लागला, तर आपल्या जिभेला किती लागेल?

कोणी म्हणेल, नावात काय आहे? वरोऱ्याच्या बाबा आमट्यांनी संस्थेच्या नावात 'महारोगी' हाच शब्द ठेवला, 'महारोगी सेवा समिती', आणि कामाने त्याला उंची दिली. अगदी खरे. पण ती उंची देण्यासाठी एक आनंदवन उभारावे लागले. तुमच्या-आमच्या ओटीवर, लग्नाच्या बैठकीत, आनंदवन नसते. तिथे नुसता शब्द असतो आणि तो लागतो.

आणि लागला की माणूस लपवतो. खरी हानी इथे आहे. बधीर चट्टा लपवला की मज्जातंतू आतून जातात; मग बोटे वाकडी होतात आणि लोक त्या बोटांनाच रोग समजतात. गजकर्णाचे तेच. लाजेकाजेने केमिस्टच्या कानात कुजबुजून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणायची, चार दिवस खाज थांबली म्हणून खूश व्हायचे आणि महिन्याभरात दुप्पट पसरलेले अंगावर वागवायचे.

यावर उपाय म्हणून सगळ्यालाच इंग्रजी नावे द्यावीत, असे सुशिक्षित घरांत चालते. 'तिला जरा व्हिटिलिगो आहे.' म्हणजे बुरखा बदलला, लाज तीच. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता असोसिएशन'मध्ये उलटी वाट धरली. डाग असलेल्या माणसांना एकत्र आणले, चारचौघांत बोलते केले. २००६ चा 'नितळ' हा मराठी चित्रपटही याच विषयावरचा.

म्हणून मला वाटते, कातडीचे वर्णन करणारी नावे आपण जपावीत. परळच्या केईएममध्ये एखादी आजी 'गांधी उठल्यात' म्हणाली, तर समोरच्या तरुण डॉक्टरला ते कळले पाहिजे. तिने लॅटिन शिकायची गरज नाही. 'कोड' म्हणायला हरकत नाही, तो आपला शब्द आहे आणि कोडकौतुकातही तोच आवाज आहे. 'श्वेतकुष्ठ' मात्र पुसून टाकावा. 'महारोगी' हा शब्द संस्थांच्या इतिहासात राहू द्यावा, माणसाला लावू नये. त्याला कुष्ठरोग झाला होता, आता बरा आहे, एवढे वाक्य मराठीत अवघड नाही. देवीच्या व्रणांना जी साधी नोंद मिळाली, तीच या डागांना मिळावी.