लंगडी घालायला तो का येईना?

बालमित्रांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्यातल्याच एका मैत्रिणीचं पत्र आलं. "बाई, आमच्या वर्गातल्या एका मुलीला ब्लड कॅन्सर झालाय. ती आता परत शाळेत येणार आहे. आई म्हणते, तिच्या बाकावर बसू नकोस. मी काय करू?"

पत्र वाचलं आणि मला माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा आठवला. लंगडीत एकदम पटाईत! पण दिवाळीच्या सुट्टीनंतर तो खेळाच्या तासाला कडेलाच बसायला लागला. "बाई, पाय दुखतो." दोनदा मी ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा मात्र रागावले. "पुरे झाली नाटकं, ऊठ!" बिचारा उठला, चार उड्या मारल्या आणि मटकन खाली बसला. जवळ गेले तर पोटरीवर काळेनिळे डाग. "कुणी मारलं रे?" "कुणी नाही, बाई." चेहरा पांढराफटक.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. ताप सारखा येऊन-जाऊन होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि पुढच्या तपासण्यांत आजाराचं नाव कळलं, ल्युकेमिया. म्हणजेच रक्ताचा कर्करोग. माझं ते रागावणं मला आजही टोचतं. म्हणून हा आजार मी नीट समजून घेतला. तेच आज तुम्हाला सांगते.

आपल्या हाडांच्या आत मऊ गर असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. हा रक्ताचा कारखाना. इथे तांबड्या पेशी तयार होतात, त्या प्राणवायू पोचवतात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. आणि रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट्स, वाहणारं रक्त थांबवतात. ल्युकेमियात बिघडलेल्या पेशी, बहुतेक वेळा पांढऱ्या, बेसुमार वाढतात. त्या धड काम करत नाहीत, नुसती जागा अडवतात.

मग काय होतं? तांबड्या पेशी कमी पडल्या की मूल फिकट दिसतं, थकतं, जिना चढताना धापा टाकतं. चांगल्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या की ताप वारंवार येतो. प्लेटलेट्स कमी झाल्या की न लागताच काळेनिळे डाग उठतात, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं. कारखान्यात गर्दी झाल्याने हाडं दुखतात, मूल लंगडतं. मानेत, काखेत, जांघेत गाठी येतात. पोटही फुगलेलं दिसतं.

ल्युकेमियाचे मुख्य प्रकार चार. बे दुणे चार, असं लक्षात ठेवा. पहिला प्रश्न, आजार झपाट्याने वाढतो की सावकाश? झपाट्याचा तो तीव्र, सावकाशीचा तो जुनाट. दुसरा प्रश्न, बिघाड पेशींच्या कोणत्या घराण्यात? लिम्फॉइड की मायलॉइड? मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो तीव्र लिम्फोब्लास्टिक. त्याखालोखाल तीव्र मायलॉइड. जुनाट लिम्फोसायटिक हा उतारवयातला आजार, मुलांत तो जवळजवळ नसतोच. जुनाट मायलॉइडही बहुधा मोठ्यांनाच होतो. त्यावर २००१ पासून गोळ्या मिळू लागल्या आणि त्या घेत कित्येक जण वर्षानुवर्षं कामावर जातात.

आता पालकांसाठी दोन शब्द. पाय दुखला की ल्युकेमिया, असं मुळीच नाही! ही लक्षणं बहुतेक वेळा साध्याच आजारांची असतात. पण दोन आठवडे होऊनही ती जात नसतील, किंवा दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली, तर डॉक्टरांना दाखवा. ताप आणि लाल ठिपके एकदम आले, तर त्याच दिवशी गाठा. पहिली तपासणी साधीच असते. रक्तातल्या पेशी मोजायच्या, म्हणजे सीबीसी. पक्कं निदान मात्र अस्थिमज्जा तपासल्यावरच होतं.

आणि हा आजार बरा होतो का? वेळेवर उपचार सुरू झाले आणि ते पुरे केले, तर तीव्र लिम्फोब्लास्टिकची बहुतेक मुलं बरी होतात. उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. त्यातलं एक औषध, व्हिन्क्रिस्टीन, कशातून मिळालं ठाऊक आहे? आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून! पण हां, पानं कुणी चघळायची नाहीत. ती विषारी असतात. औषध प्रयोगशाळेत शुद्ध करून, मोजून मापून देतात.

आता पत्राचं उत्तर. बाळ, तू तिच्या शेजारी खुशाल बस. हा आजार शिवून, डबा वाटून, एका बाकावर बसून लागत नाही. उलट तुमची सर्दी तिला लागू शकते, कारण औषधांनी तिची लढणारी फौज कमी झालेली असते. म्हणून हात धुवून तिच्याजवळ जा. शिंका येत असतील, तर दोन दिवस लांब बस. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला, तर बाईंना लगेच सांग. आईलाही हे वाचून दाखव. ती काळजीपोटीच म्हणाली असेल.

आमचा तो मुलगा पुढल्या वर्षी टोपी घालून वर्गात आला. डोक्यावर केस नव्हते. कुणी काही विचारायच्या आत मागच्या बाकावरची एक मुलगी सरकली आणि म्हणाली, "इथे बस. तुझी लंगडीतली जागा पण ठेवलीय."

तुमच्या वर्गातही अशी जागा ठेवाल ना?

तुमच्या,
बाई