समुद्राच्या पोटात शिरताना बॅगेत काय असावे?

अंदमानला निघालो तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले होते. यजमानांचे म्हणणे, आता स्कूबा डायव्हिंग शिकलोच आहोत, तर सगळे साहित्य स्वतःचे न्यावे. माझे म्हणणे, बहुतेक विमान कंपन्या माणशी १५ किलोच सामान नेऊ देतात. त्यात कपडे आहेत, सासूबाईंनी दिलेले लाडू-चिवड्याचे डबे आहेत. तेव्हा लागेल ते तिथेच घ्यावे. शेवटी माझेच खरे झाले आणि पश्चात्तापही मलाच झाला!

हॅवलॉक म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर पहिल्याच बुडीत केंद्राचा मास्क माझ्या नाकाशी गळू लागला. दर दोन मिनिटांनी पाणी बाहेर काढता काढता डोळे चुरचुरू लागले. त्याच वेळी एक भलेमोठे कासव आमच्या शेजारून गेले म्हणे. इतरांना कासव दिसले, मला दिसले ते खारे पाणी.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम झाला आहे. जे अंगाला, विशेषतः चेहऱ्याला, नेमके बसावे लागते ते आपले न्यायचे. जे जड आहे ते तिथले घ्यायचे.

मास्क मात्र आपलाच

दुकानात मास्क घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने किंचित श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर तो तुमचा मास्क. चष्मा असणाऱ्यांनी नंबरची काच बसवून घ्यावी, कारण मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही. कोऱ्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे ती धुरकटते. निघण्यापूर्वी काचेला आतून टूथपेस्ट चोळून स्वच्छ धुवावी. पुरुषांसाठी एक सूचना : मिशीतूनही पाणी शिरते. नाकाखालची मिशी थोडी कातरावी लागते. आमच्याकडे यावर बरीच चर्चा झाली!

गरम पाण्यात सूट कशाला?

अंदमानचे पाणी साधारण २७ ते ३० अंश असते. पण शरीर ३७ अंशांचे, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेते. दिवसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बुडीला दात वाजू लागतात ते म्हणूनच. तीन मिलिमीटर जाडीचा पूर्ण बाह्यांचा सूट पुरतो. तो केंद्रात मिळतो. पण तुमची अंगकाठी फारच बारीक किंवा स्थूल असेल तर स्वतःचा न्यावा. आत घालायला लायक्राचा पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. त्याने बोटीवर ऊन लागत नाही आणि सनस्क्रीनही कमी लागते. काही सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनने प्रवाळाला इजा होते म्हणून हवाईने त्यांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली आहे.

काय ठेवून जावे?

सिलिंडर आणि शिशाची वजने केंद्रच देते. जॅकेट आणि फिन्सही तिथलीच घ्यावीत. वर्षाकाठी एखादी सहल करणाऱ्याने ती बाळगण्यात अर्थ नाही. हातमोजे नकोत. ते घातले की हात प्रवाळाला लावण्याचा मोह होतो. सुरी तर घरीच बरी. स्वतःचा रेग्युलेटर किंवा डाइव्ह कॉम्प्युटर असेल, तर तो हातातल्या बॅगेत ठेवावा. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्याही तिथेच हव्यात, त्या सामानात टाकता येत नाहीत. प्रशिक्षणाचे कार्ड आणि नोंदवही विसरू नका. तारकर्लीला हौसेने एकदाच पाण्यात उतरणार असाल, तर एवढीही तयारी नको. टॉवेल आणि बदलायचे कपडे पुरेत.

सर्वांत महत्त्वाचे : परतीचे तिकीट

बॅगेतली ही वस्तू सगळ्यांत आधी तपासावी. पाण्याखाली दाबाने रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन विरघळतो. तो निघून जाण्याआधी विमानात बसले, तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकते. अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमान टाळावे. आम्ही पुरते २४ तास सोडतो. दमा, हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. गरोदरपणी तर मुळीच नाही. साधी सर्दी असली तरी बुडी रद्द करावी, कारण कान दगा देतात. पैसे गेले तर जाऊ द्यावेत.

आणि येताना बॅगेत प्रवाळाचा तुकडा नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे.

दुसऱ्या खेपेस मी माझा मास्क घेऊन गेले. लाडवांचा एक डबा कमी केला, इतकेच. कासव काही पुन्हा भेटले नाही. पण जे दिसले, ते अगदी स्वच्छ दिसले.