कोरफडीचे पान मान टाकते तेव्हा

कोरफड हे लाड न मागणारे झाड होय. फुटक्या माठात, तेलाच्या डब्यात, न्हाणीच्या कडेला, जेथे लावावे तेथे ते जगते असा आपला समज आहे व तो बव्हंशी खराही आहे. असे असूनही नंदुरबार, शहादे, तळोदे ह्या तालुक्यांतील गावांत फिरताना घरातील भगिनी जे प्रश्न विचारतात, त्यांत “कोरफडीची पाने खाली का लोळतात?” हा प्रश्न वारंवार येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो तो असा की, “कोणते औषध घालू?” माझे स्पष्ट मत असे आहे की, पहिल्याचे उत्तर मिळण्यापूर्वी दुसरा प्रश्न विचारूच नये, आणि कोणी विचारलाच, तर आम्ही अधिकाऱ्यांनी त्याचे उत्तर देण्याची घाई करू नये.

पान मलूल दिसले की आपला हात आपोआप तांब्याकडे जातो. ह्यात नवल नाही. मिरचीचे पान भर दुपारी सुकते व पाणी दिल्यावर सायंकाळपर्यंत ताठ होते, हे आपण जन्मभर पाहत आलो आहोत. परंतु कोरफडीची रीत निराळी आहे. ती आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून ठेवते व रात्रीच्या गारव्यात उघडते. त्यामुळे उन्हाने होणारा पाण्याचा व्यय टळतो. शिवाय पानातील गर म्हणजे तिचा पाण्याचा साठाच होय. त्याच्या बळावर ती कित्येक आठवडे पाण्यावाचून तग धरू शकते. अशा झाडाचे पान ऐन पावसाळ्यात लोळू लागले, तर ते तहानेने लोळले असे मानण्यास आधार काय?

बहुतेक वेळा दोष मुळाशी असतो. मुळांनाही हवा लागते. आपल्या तापीकाठची काळी भारी माती ओली झाली म्हणजे फुगते, तिच्यातील पोकळ्या बुजतात आणि पाणी अडून राहते. शेतात त्या पाण्याला निदान चर काढून वाट देता येते; बुडाला भोक नसलेल्या डब्यात ते जाणार कोठे? हवेवाचून मुळे गुदमरतात, मग त्यांवर बुरशी बसते व ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही, म्हणून पाण्यात उभे असलेले झाड तहानेने व्याकूळ होते. आपण ती तहान पाहतो आणि आणखी पाणी ओततो.

जो शेतकरी वाफसा आल्याशिवाय शेतात औत घालीत नाही, तोच अंगणातील कुंडीला वाफसा असतो हे विसरतो, ह्याचे मला आश्चर्य वाटते. कुंडीचा वाफसा पाहणे अवघड नाही. पऱ्हाटीची वाळलेली, सोललेली काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचावी व थोड्या वेळाने बाहेर काढावी. काडीला ओलसर माती चिकटून आली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. वरची माती कोरडी दिसते एवढ्यावर भिस्त ठेवणे फसवे असते.

पानही पुष्कळ सांगते. खरोखर तहानलेल्या कोरफडीचे पान पातळ होते, पन्हळासारखे आत वळते, त्यावर सुरकुत्या पडतात. हातास मात्र ते चिवट लागते. पाणी अधिक झालेले पान पिवळट व पाणथळ दिसते, बुडाशी दाबले तर पचकते आणि पुढे दुर्गंधी येते. तिसराही एक प्रकार आहे. अंधाऱ्या ओसरीत ठेवलेल्या झाडाची पाने लांब, फिकट व दुबळी वाढून बाजूंना पडतात. अशा झाडास उजेड हवा. पण ओसरीतून उचलून त्यास थेट वैशाखाच्या उन्हात ठेवल्यास पाने तांबूस होऊन करपतात. आठ-दहा दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हाची सवय करावी.

मुळे कुजल्याची शंका येताच झाड उपटून पाहावे. येथे बहुतेक जण कचरतात, पण न पाहता केलेला उपाय म्हणजे अंदाजपंचे कारभार होय. निरोगी मूळ फिकट रंगाचे व टणक असते. कुजलेले काळपट असून बोटाने ओढताच त्याची साल निसटते. तेवढा भाग स्वच्छ सुरीने निरोगी भागापर्यंत कापून टाकावा व झाड तीन-चार दिवस सावलीत उघडे ठेवून जखम सुकू द्यावी. नंतर एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम व एक भाग चांगले कुजलेले शेणखत ह्यांच्या कोरड्या मिश्रणात लावावे आणि सुमारे आठवडाभर पाणी देऊ नये. कुंडी मातीची असल्यास उत्तम, कारण तिच्या भिंतीतूनही ओल जाते. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. तळाशी खड्यांचा जाड थर घातल्याने निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे, पाणी त्या थराच्या वर मातीतच अडून राहते. बुंधाच कुजला असेल, तर बाजूची निरोगी पिल्ले वेगळी करून लावावीत. पानफुटीप्रमाणे कोरफडीचे नुसते पान रोवून झाड होत नाही, बहुधा ते कुजते.

ह्या सर्वांत औषधाच्या बाटलीला स्थान कोठेच आले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. मेलेले मूळ कोणत्याही बुरशीनाशकाने जिवंत होत नाही, आणि युरियाची चिमूट तर आजारी झाडावर भारच होय.

एका कोरफडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. शहादे तालुक्यातील पपईच्या बागा पाहाव्यात. पपईच्या बुडाशी दोन दिवस पाणी साचले तरी झाड दगावू शकते. तेथेही पाने प्रथम अशीच मलूल होतात, तेथेही घाईने आणखी एक पाणी दिले जाते, मग फवारणी होते, आणि बुंधा जमिनीलगत सडून झाड कोलमडते. कुंडीतील नुकसान थोडे. बागेतील नुकसान कर्ज काढून लावलेल्या पिकाचे असते. म्हणून पपईचे पान लोळले तरी प्रथम कुदळीने मुळाजवळची माती उकरून ओल पाहावी, साचलेल्या पाण्याला चर काढून द्यावा, व गरज भासल्यास मुळासह मातीचा नमुना नंदुरबारच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवावा.

कोरफडीविषयी आणखी एक सूचना करणे अगत्याचे आहे. भाजल्यावर लावण्यासाठी पुष्कळ घरांत कोरफड राखलेली असते. पाणथळ झालेल्या किंवा वास येणाऱ्या पानाचा गर अशा जखमेवर मुळीच लावू नये. भाजलेल्या जागेवर प्रथम साधे थंड पाणी बराच वेळ सोडावे, भाजणे मोठे असल्यास तडक दवाखाना गाठावा, आणि कुजकी पाने इतर कुंड्यांपासून दूर पुरून टाकावीत.