दाहावरील औषध आणि पुराव्याची कसोटी

बेंगळुरू : दाहाला आवर घालणारे औषध प्रतिकारशक्तीलाही आवर घालते. त्यामुळे त्याच्या मंजुरीचा निर्णय केवळ तर्कावर सोपवता येत नाही. बेंगळुरूच्या बायोकॉन कंपनीचे ‘इटोलिझुमॅब’ हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ‘सीडी-६’ हे प्रथिन असते. ते दाहकारक टी-पेशींना सक्रिय करण्यास साहाय्य करते. बी-पेशींना प्रतिपिंडे बनवण्यासाठी बहुतांशी टी-पेशींचीच मदत लागते. साहजिकच सीडी-६ला लगाम घातल्यास दाह ओसरू शकतो. मात्र संसर्गाशी लढण्याची क्षमताही क्षीण होण्याची शक्यता उरते.

क्युबातील संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित झालेले हे औषध २०१३ मध्ये सोरायसिससाठी भारतात आले. जुलै २०२० मध्ये औषध महानियंत्रकांनी मध्यम ते गंभीर कोविड रुग्णांसाठी त्याच्या मर्यादित आपत्कालीन वापरास मंजुरी दिली. आधार होता अवघ्या ३० रुग्णांवरील चाचणीचा. राष्ट्रीय कृती दलाने मात्र त्याचा समावेश उपचार नियमावलीत केला नाही.

याउलट, ‘इंटरल्यूकिन-६’चा मार्ग रोखणाऱ्या टोसिलिझुमॅबची ब्रिटनमध्ये ४ हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२१ मध्ये मृत्यू घटल्याचे सिद्ध झाले. इंटरल्यूकिन-६ची आरंभीची ओळखही प्रतिपिंडनिर्मितीस चालना देणारे प्रथिन अशीच होती.

दोन्ही औषधांमागील तर्क सारखाच सबळ होता. फरक पुराव्याच्या व्याप्तीचा होता. पुढील साथीत मोठ्या चाचण्या तातडीने उभारण्याची सिद्धता देशाला आताच करावी लागेल.